बोर्ड गप्प होण्याआधी : कर्नल डीबगिंगच्या तयारीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून ड्रायव्हरच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसून आमचं कार्ड चालवणाऱ्या भागाच्या, कोडला हात लावायचा नाही, असं ठरवलं. गेले तीन आठवडे उलटंच चाललं होतं: संशय आला की एखादी ओळ बदलायची, बोर्ड चालू सोडून जायचं, सकाळी येऊन बघायचं. एकदाही हाती काही लागलं नाही.

प्रश्न नीट मांडून ठेवते. बोर्ड बीगलबोन ब्लॅक, एका पाटीवरचा छोटा लिनक्स संगणक. एएम३३५एक्स चिप, एकच कॉर्टेक्स-ए८ कोअर, ५१२ एमबी रॅम, लिनक्स ६.६. एसपीआयवर (चिपांना जोडणाऱ्या तारांवर) आमचं मोजमापाचं कार्ड. नवा नमुना तयार झाला की कार्ड एक पिन वर करतं, इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) येतो, हँडलर (त्या इशाऱ्याला उत्तर देणारं फंक्शन) वेळ टिपतो आणि थ्रेडला जागं करतो, थ्रेड एसपीआयवरून नमुना वाचतो. सेकंदाला १००० वेळा. कधी सहा तास, कधी दीड दिवस हे बिनबोभाट चालतं आणि मग बोर्ड गप्प होतो. पिंगला उत्तर नाही, सिरीयलवर (वायरीवरच्या मजकुरी कन्सोलवर) एंटर दाबला तरी काही उमटत नाही. मिनिटभरात वॉचडॉग (वेळेत थोपटलं नाही तर बोर्ड पुन्हा सुरू करणारं घड्याळ) रीसेट देतो आणि बोर्ड काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उभा राहतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. माझ्यासाठी मात्र पंचनामा होण्याआधीच जागा धुतली जाते.

म्हणून आधी बघण्याची सोय करायची. एक नियम स्वतःला घालून घेतलाय: कुठलंही साधन आधी मी स्वतः मुद्दाम घातलेल्या दोषावर चालवायचं. माहीत असलेला दोष त्याने दाखवला, तरच ते माहीत नसलेल्या दोषासमोर उभं करायचं. नाहीतर उद्या पडदा कोरा दिसेल तेव्हा दोष नाही म्हणून कोरा, की साधनच आंधळं म्हणून कोरा, हे कळणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सिरीयल कन्सोल. बोर्डावरच्या जे१ हेडरला सहा पिना: १ वर ग्राउंड, ४ वर बोर्डाचा आरएक्स (ऐकण्याचा), ५ वर टीएक्स (बोलण्याचा). लेव्हल ३.३ व्होल्ट.

कपाटातल्या जुन्या यूएसबी ॲडॉप्टरवर ५ आणि ३.३ असा जंपर आहे. जंपर ३.३ वर होता, तरी जोडण्याआधी मल्टिमीटर लावला. टीएक्स पिनवर ४.९ व्होल्ट. जंपर फक्त बाहेर दिला जाणारा पुरवठा बदलतो, सिग्नलची पातळी ५ ची ५ च राहते. त्यावर लाल चिकटपट्टी लावून दुसरा, खरोखर ३.३ चा ॲडॉप्टर घेतला. मोजायला अर्धं मिनिट लागलं. न मोजता जोडला असता तर कदाचित पिन अर्धवट दुखावली असती आणि पुढचे सगळे निष्कर्ष संशयास्पद झाले असते.

वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मग अर्लीकॉन, म्हणजे बूटच्या अगदी सुरुवातीपासून बोलणारा कन्सोल. नेहमीचा कन्सोल उशिरा जागा होतो. त्याआधीच्या ओळी कर्नल बफरमध्ये साठवतो आणि नंतर एकदम ओततो. त्याआधीच कर्नल मेला तर ओतायला कोणी उरत नाही. पहिला पेरलेला दोष इथेच: स्टार्ट_कर्नल फंक्शनमध्ये कन्सोल_इनिटच्या बरोबर आधी पॅनिकची (कर्नलला मुद्दाम पाडणारी) एक ओळ टाकली. अर्लीकॉन नसताना यू-बूटचं (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचं) ‘स्टार्टिंग कर्नल’ दिसलं आणि पुढे शांतता. बूटआर्ग्समध्ये (कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये) यूएआरटीच्या, म्हणजे सिरीयल पोर्टच्या, पत्त्यासह अर्लीकॉन दिला आणि तोच पॅनिक अख्ख्या स्टॅक ट्रेससह (कोणत्या फंक्शनमधून कुठे आलो त्या यादीसह) समोर आला. साधन पास. ओळ काढून टाकली.

सिस्-आरक्यूही, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळा, तपासलं. पिकोकॉम या सिरीयल टर्मिनलमध्ये कंट्रोल-ए, मग कंट्रोल-बॅकस्लॅश, म्हणजे ब्रेक (वायरीवरून जाणारा खास इशारा) जातो. पाच सेकंदांच्या आत अक्षर दाबायचं. ‘टी’ दाबल्यावर सगळ्या टास्कची यादी आली. पिकोकॉमचा लॉग आता फाइलमध्ये जातो आणि प्रत्येक ओळीवर संगणकाच्या घड्याळाची वेळ पडते. मागे खिडकीतल्या स्क्रोलवर विसंबून दोन रात्रींचा मजकूर घालवलाय, पुन्हा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

एसडी कार्ड काढ-घाल बंद. यू-बूट आता कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे त्याची यादी) नेटवर्कवरून, टीएफटीपीने आणतो, रूट फाइल सिस्टिमही नेटवर्कवरच, एनएफएसवर. कर्नल बदलून पुन्हा बूट व्हायला एक मिनिटही लागत नाही. हे आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

महत्त्वाचा निर्णय वेगळाच होता: कर्नल दोन ठेवायचे. ‘हलका’ म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनात जातो तोच, बरोबर फक्त डीबग माहिती (कोणता मशीन कोड कोणत्या ओळीचा, ते सांगणारी). डीबग माहितीने मशीन कोड बदलत नाही, त्यामुळे दोषाचं वागणंही बदलायला नको. ‘जड’ मध्ये लॉकडेप (लॉकांचा गोंधळ पकडणारा), केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा), झोपायला मनाई असताना झोपणाऱ्याला पकडणारी तपासणी, सगळं चालू. केसॅन दर ८ बाइटमागे १ बाइट सावलीसाठी (त्या बाइटांच्या नोंदीसाठी) ठेवतो, म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा तिथेच गेला; शिवाय सगळं संथ होतं. जड कर्नलवर दोष दिसलाच नाही, तर ‘दोष नाही’ असा अर्थ काढायचा नाही. फक्त हलका कर्नल गप्प झाला तरच तो आपला आजार.

आमच्या चिपसारख्या ३२ बिट एआरएमवर केसॅन मुख्य कर्नलमध्ये आला तो ५.११ पासून, २०२१ साली. आमचा आधीचा प्रकल्प ५.४ वर होता. तिथे ही सोयच नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

छोटी नोंद, पण तीन तास गेले. जीडीबी हा डीबगर चुकीच्या ओळी दाखवत होता: ब्रेकपॉइंट (जिथे थांबायचं ती खूण) एका फंक्शनवर, थांबा भलत्याच. कारण बोर्डावरचा कर्नल कालचा आणि संगणकावरची व्हीएमलिनक्स फाइल (डीबग माहितीसकट कर्नल) आजची. आता प्रत्येक बांधणीचा बिल्ड-आयडी (तिची ओळख) आधी जुळवते: एक रीडएल्फने व्हीएमलिनक्समधून, दुसरा बोर्डावरच्या सिस-कर्नल-नोट्समधून. तो जुळला नाही तर जीडीबी उघडायचाच नाही. व्हीएमलिनक्स, मॉड्यूल आणि कॉन्फिग, तिन्ही बिल्ड-आयडीच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकत्र.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जेटॅग. म्हणजे चिपमध्ये थेट शिरून कोअर थांबवायची वाट; तिच्यासाठी बोर्डाच्या खालच्या बाजूला २० पिनांची जागा आहे, कनेक्टर आपला आपण डकवायचा. पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. भिंगाखाली, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने तास-दीड तास.

केजीडीबीवर (कर्नलच्या आतल्याच डीबगरवर) भागवता येईल का, यावर हार्डवेअरच्या सहकाऱ्यांशी बोलणं झालं. केजीडीबी २००८ पासून, २.६.२६ पासून कर्नलमध्ये आहे, वायरही तीच सिरीयलची. पण त्याला आत शिरायला कोणीतरी दार उघडावं लागतं: पॅनिक, ब्रेकपॉइंट किंवा सिस्-आरक्यू. आमच्या बोर्डावर सिरीयल मरते, म्हणजे बहुधा इंटरप्टच बंद पडलेले असतात. मग सिस्-आरक्यूचं अक्षर ऐकणार कोण? जेटॅगला कर्नलची परवानगी लागत नाही. तो प्रोसेसरला थेट दंडाला धरून थांबवतो.

ओपनओसीडी हा जेटॅगशी बोलणारा प्रोग्रॅम सुरू केला. उत्तर: स्कॅन चेन, ‘ऑल वन्स’. सगळे एक. म्हणजे टीडीओची (चिपकडून उत्तर आणणारी) वायर हवेत लटकतेय आणि पुल-अपमुळे (वर ओढणाऱ्या रोधकामुळे) वर दिसतेय. सगळे शून्य आले असते तर ती कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे असं म्हटलं असतं. भिंगाखाली पाहिलं तर टीडीओच्या पिनेवर सोल्डर गोल बसलंय, खालच्या पॅडवर पसरलेलंच नाही. फ्लक्स लावून पुन्हा तापवलं, सोल्डर क्षणात पसरलं.

आयडीकोड, म्हणजे चिपची ओळख, आला. ३२ बिटांतला शेवटचा बिट १, हवा तसाच. या चिपमध्ये पहिल्यांदा फक्त आइसपिक नावाचा वाटाड्या दिसतो; त्याला सांगितल्यावर तो कोअरचा टॅप (जेटॅगचं दार) साखळीत घेतो. ओपनओसीडीच्या तयार स्क्रिप्टमध्ये ते सगळं आहे. ‘हॉल्ट’ म्हटलं आणि बोर्ड थांबला.

१० फेब्रुवारी, सोमवार

थांबला, पण थांबून राहत नाही. हॉल्ट केल्यावर अर्धं ते एक मिनिट जातं आणि बोर्ड आपोआप रीसेट होतो. सकाळी दोन तास मी शुक्रवारच्या सोल्डरिंगलाच दोष देत होते, केबलही बदलली. मग घड्याळ लावून पाच वेळा मोजलं: ३८, ५१, ३३, ५८, ४४ सेकंद. एकदाही साठच्या वर नाही. वायर सैल असती तर अशी मर्यादा पाळली नसती.

वॉचडॉगच होता. आमच्या सिस्टिममधला डीमन (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) दर तीस सेकंदांनी त्याला थोपटतो आणि मुदत साठ सेकंदांची. कोअर थांबला की डीमनही थांबतो, वॉचडॉगचं घड्याळ मात्र चालूच. ओपनओसीडीची स्क्रिप्ट वॉचडॉग बंद करते खरी, पण रीसेट देऊन थांबवलं तरच. मी चालत्या कर्नलला जोडत होते. बंद करायचं ते दोन टप्प्यांत: एकाच रजिस्टरमध्ये आधी हेक्समधला एएएए, तो पोचेपर्यंत थांबायचं, मग ५५५५. त्याचं छोटं प्रोसीजर लिहिलं, आणि डीबगच्या रूट फाइल सिस्टिममधून डीमन काढूनच टाकला. चिपचा बूट-रॉमही हा वॉचडॉग तीन मिनिटांवर लावून देतो, तेही लक्षात ठेवायचं.

दुपारी बोर्ड दहा मिनिटं थांबवून ठेवला, मग चालू केला. कन्सोलवर एनएफएसची तक्रार आली, ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग’, आणि पाठोपाठ ‘ओके’. सगळं सुरळीत.

बूटच्या सुरुवातीचा ब्रेकपॉइंट हार्डवेअरचाच हवा. सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे मेमरीत सूचना बदलणं. झेडइमेज (दाबून लहान केलेला कर्नल) त्यानंतर स्वतःला उलगडून त्यावरच लिहिते आणि ब्रेकपॉइंट पुसला जातो. कॉर्टेक्स-ए८ मध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहा आणि वॉचपॉइंट (मेमरीच्या पत्त्यावर नजर ठेवणारे) दोन. जपून वापरायचे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस या सगळ्या तयारीचा गाभा. कर्नलमध्येच एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल आहे, ते सांगाल त्या पद्धतीने कर्नलला मारतं. डीबगएफएसमधल्या एका फाइलीत मृत्यूचं नाव लिहायचं. मी हलक्या कर्नलमध्येच ते मॉड्यूल म्हणून घेतलं आणि एकेक करून सिरीयल, सिस्-आरक्यू, जेटॅग या तिघांना काय दिसतं ते वहीत लिहीत गेले.

‘बग’ आणि ‘पॅनिक’ला सिरीयलवर सगळं दिसलं, त्यात विशेष काही नाही.

‘सॉफ्टलॉकअप’ला प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं पुढे आणणं) बंद, इंटरप्ट चालू. वीस सेकंदांची मर्यादा उलटल्यावर कर्नलनेच कन्सोलवर बोंब मारली, सिस्-आरक्यूही चाललं.

‘हार्डलॉकअप’ला इंटरप्टच बंद करून अखंड फेरा. इथे मी श्वास रोखून बसले होते. सिरीयल मेली. ब्रेक पाठवला, काही नाही. पाच मिनिटं थांबले, कर्नलकडून एक अक्षर नाही. पीसीवर असे लॉकअप पकडायला न अडवता येणारा इंटरप्ट असतो. आमच्या कर्नलला या चिपवर तो उपलब्ध नाही, त्यामुळे कर्नल स्वतःचं मरण स्वतः पाहू शकत नाही. मग जेटॅगने हॉल्ट. प्रोग्रॅम काउंटर (कोअर कुठल्या सूचनेवर आहे तो पत्ता) थेट एलकेडीटीएमच्या त्या फेऱ्यातल्या ओळीवर. सीपीएसआर या स्थितीच्या रजिस्टरमधला ‘आय’ बिट १, म्हणजे इंटरप्ट बंद.

बाहेरून दिसणारी लक्षणं आमच्या बोर्डाच्या गप्प होण्याशी तंतोतंत जुळतात. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला आजाराचा प्रकार तरी कळला: इंटरप्ट बंद असताना कुठेतरी अडकणं. नेमकं कुठे, ते अजून नाही.

मॉड्यूलमधल्या ओळींची नावं दिसायला जीडीबीच्या कर्नल स्क्रिप्टमधली एलएक्स-सिंबॉल्स आज्ञा लागते, नाहीतर नुसते पत्ते दिसतात. कॉन्फिगमध्ये ‘रिड्यूस्ड’ डीबग माहितीचा पर्याय चालू होता, तो बंद केल्यावरच स्क्रिप्ट चालल्या. बरीच चलं ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणून दिसतात. कर्नल ऑप्टिमायझेशनशिवाय बांधता येत नाही, तेव्हा रजिस्टर वाचायची सवय करायची.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रॅमूप्स. रॅमचा एक तुकडा राखून ठेवायचा, त्यात कन्सोलच्या शेवटच्या ओळी सतत लिहिल्या जातात आणि रीसेटनंतर पीस्टोअर या फोल्डरमधून वाचता येतात. प्रत्यक्ष बसवलेल्या बोर्डांना जेटॅग नसणार, तिथे एवढाच साक्षीदार.

सिस्-आरक्यूच्या ‘सी’ने पाडलं, बोर्ड परत आला, पीस्टोअर रिकामं. तुकडा मी रॅमच्या अगदी टोकाला ठेवला होता, आणि यू-बूट सुरू झाल्यावर स्वतःला रॅमच्या टोकालाच हलवतो. म्हणजे माझ्या साक्षीवर तो स्वतः जाऊन बसत होता. तुकडा खाली, हेक्समधल्या ९८०००००० या पत्त्यावर नेला. आता मजकूर आला, पण मधली दोन-चार अक्षरं बिघडलेली. ईसीसी (बिघडलेली अक्षरं दुरुस्त करायची सोय) १६ बाइटची चालू केली, नंतरच्या सहाही खेपांना मजकूर स्वच्छ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हँडलरमध्ये प्रिंटके (कन्सोलवर ओळ छापणारं फंक्शन) टाकायचा मोह शेवटचा मोडून काढायला हिशेब लिहिते. ११५२०० च्या वेगाला एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ सुमारे ७ मिलिसेकंद घेते. आमचा इंटरप्ट दर १ मिलिसेकंदाला येतो. एका ओळीत सात नमुन्यांची वेळ गेली! जानेवारीत मी अशाच चार ओळी टाकल्या होत्या आणि दोष ‘नाहीसा’ झाला म्हणून आनंदले होते.

त्याऐवजी ट्रेस_प्रिंटके, जो मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितो. आणि त्याहून हलकं म्हणजे पी९ हेडरची १२ नंबरची पिन: हँडलरमध्ये शिरताना वर, निघताना खाली. लॉजिक ॲनालायझरवर ती पिन आणि कार्डाची पिन शेजारीशेजारी लावली. एकाखाली एक दोन रांगा, कार्डाची टोकदार आणि आमची बुटकी. बराच वेळ नुसती बघत बसले. ड्रायव्हरचं हृदय असं धडधडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जड कर्नल आज पहिल्यांदा आमच्या ड्रायव्हरसह चालवला. लॉकडेप आधी तपासून घेतला: एका चाचणी मॉड्यूलमध्ये दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेतले, त्याने पकडलं. एक लक्षात ठेवायचं, पहिली तक्रार केल्यावर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो. म्हणून बोर्ड पुन्हा बूट केला, मगच ड्रायव्हर लोड.

मिनिट व्हायच्या आत कन्सोलवर ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’. आमचंच स्पिनलॉक, म्हणजे मोकळं होईपर्यंत जागच्या जागी फिरत वाट बघायला लावणारं कुलूप. एकदा हँडलरमधून, इंटरप्टमध्ये असताना घेतलं. दुसऱ्यांदा सिसएफएसवर (कर्नलची माहिती फाइलींसारखी वाचता येते तिथे) आकडेवारी दाखवणाऱ्या फंक्शनमधून, इंटरप्ट चालू असताना. ते फंक्शन एक देखरेखीची स्क्रिप्ट दर मिनिटाला वाचते. फंक्शनने लॉक धरलेलं असताना इंटरप्ट आला, की हँडलर तेच लॉक मागत फिरत राहणार, आणि कोअर एकच असल्याने धरणारा सोडायला कधीच परत येणार नाही. आमचा कर्नल एसएमपी (अनेक कोअरसाठीचा) म्हणून बांधलाय, म्हणून ते लॉक खरोखर फिरतं. फक्त एका कोअरसाठी बांधला असता तर लॉकच्या जागी प्रीएम्प्शन थांबवण्यापलीकडे काही उरलं नसतं आणि हा दोष लपून राहिला असता.

हिशेब केला. लॉक साधारण १ मायक्रोसेकंद धरलं जातं, इंटरप्ट दर १००० मायक्रोसेकंदांनी. म्हणजे हजार वाचनांत एकदा गाठ पडणार. मिनिटाला एक वाचन, तर सरासरी हजार मिनिटं, पावणेसतरा तास. सहा तास ते दीड दिवस, हे त्यात बसतं.

हात शिवशिवत होते. इंटरप्ट बंद करून लॉक घेणाऱ्या फंक्शनचं नाव टाकायचं, बदल एका शब्दाचा. पण लॉकडेपने दाखवलंय ते ‘असं होऊ शकतं’ एवढंच. बोर्ड याच कारणाने गप्प होतो, हे अजून कोणी पाहिलेलं नाही. कोड तसाच ठेवला. हलका कर्नल लावला, बिल्ड-आयडी जुळवला, वॉचडॉग बंद, ओपनओसीडी जोडलेला, सिरीयलचा लॉग चालू. सायंकाळी ६:२० ला सोडून निघाले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लॉगमधली शेवटची ओळ रविवारी पहाटे ४:०७ ची. ब्रेकला उत्तर नाही. खुर्चीवर नीट बसून मगच हॉल्ट टाइप केलं.

प्रोग्रॅम काउंटर _रॉ_स्पिन_लॉकमध्ये, म्हणजे लॉकची वाट बघणाऱ्या फंक्शनमध्ये. सीपीएसआरचा ‘आय’ बिट १. बॅकट्रेस (फंक्शनांची उलटी यादी) आमच्या हँडलरपर्यंत आला आणि इंटरप्टच्या प्रवेशद्वारापाशी तुटला. त्यामुळे त्याआधी काय चालू होतं, ते साठवून ठेवलेल्या रजिस्टरांतून हाताने वाचलं: आर० पासून मोजत सोळावा शब्द म्हणजे प्रोग्रॅम काउंटर. तो पत्ता जीडीबीला दिल्यावर आमच्या मॉड्यूलमधलं आकडेवारीचं फंक्शन आलं, लॉक घेतल्यानंतरची दुसरी ओळ.

लॉकचा शब्दही वाचला. एआरएमवर त्याचे दोन अर्धे असतात, टोकनच्या रांगेसारखे: ओनर (आता ज्याची पाळी ते टोकन) १,९४२ आणि नेक्स्ट (पुढे द्यायचं टोकन) १,९४४. एक टोकन धरणाऱ्याकडे, एक वाट पाहणाऱ्याकडे. आणि ते दोघं एकाच कोअरवर.

रजिस्टर, स्टॅक आणि लॉकची मेमरी फाइलीत उतरवून बिल्ड-आयडीच्या फोल्डरमध्ये ठेवली. बोर्ड अजून तसाच थांबवलेला आहे. सहकारी अकराला येतील, त्यांना दाखवल्यावर चालू करते आणि ड्रायव्हरची फाइल उघडते.